पारेबाईंचा दीड अंश

वजनमापे तपासणी कार्यालयात त्यांना सगळे पारेबाई म्हणत, आणि हे काही त्यांचं आडनाव नव्हतं. मोठ्या खोलीच्या भिंतीवर लाकडी पाटीवर बसवलेला एक तापमापक होता. रोज दुपारी तीन वाजता त्यातला पारा वाचायचा आणि वहीत लिहायचा, हे बाईंचं काम. तेलाचं किंवा दुधाचं लिटरमाप तपासायचं तर हवा किती तापलेली आहे ते आधी माहीत लागतं, कारण धातू गरम झाला की फुगतो. बाकीची कामंही बाई करत. पण ती कुणीही केली असती. पारा मात्र तेहतीस वर्षं दुसऱ्या कुणी वाचला नव्हता. आजारपणाची रजा त्या सकाळची घेत आणि तीनला येऊन पारा वाचून परत जाऊन झोपत.

बाई पदार्थविज्ञान घेऊन पदवीधर झालेल्या होत्या आणि त्यांना 'साधारण' हा शब्द सहन होत नसे. लग्न ठरताना मुलाकडच्यांनी उंची विचारली, तेव्हा आईने "पाच फूट" सांगितलं आणि बाईंनी आतल्या खोलीतून "एकशे एक्कावन्न पूर्णांक तीन सेंटिमीटर" अशी दुरुस्ती केली. नवऱ्याने होकार त्या दुरुस्तीवर दिला, असं तो अजून सांगतो. तो ग्रंथपाल होता, त्यालाही वस्तू जागच्या जागी लागत. मुलगी लहानपणी तापाने फणफणली तर शेजारीणबाई म्हणायच्या, "अंग कसं चटके बसण्यासारखं झालंय." बाई म्हणायच्या, "एकोणचाळीस पूर्णांक दोन." औषध दोघींच्या हातून सारखंच दिलं जाई.

त्या गावचा उन्हाळा दमट होता. कोरड्या उन्हाळ्याला निदान थोडी लाज असते, तो संध्याकाळी निघून जातो. हा मुक्कामाला येणारा. कार्यालयात लिफाफे डिंक न लावताच आपले आपण चिकटत. टेबलांचे खण फुगून बसत, ते उघडायला दोन माणसं लागत. लिहिताना कागद कोपराला चिकटून वर यायचा आणि माणूस उठला की त्याच्याबरोबर अर्धा अर्ज उठायचा. छताला चार पंखे होते, ते एकाची गरम हवा दुसऱ्याला पोचती करत.

सगळ्यात वाईट अवस्था शिक्केवाल्या काकांची. तपासून झालेल्या वजनांवर हातोडीने वर्षाचा शिक्का उठवायचा हे त्यांचं काम. माणूस अंगाने चांगला भरभक्कम, त्यात दिवसभर हातोडी. मानेपासून कमरेपर्यंत घामोळं. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की असेच उकडत राहिलात तर एक दिवस आडवे व्हाल. काकांनी विचारलं होतं, "म्हणजे करू काय?" डॉक्टर म्हणाले होते, "गार जागेत बसा." काका हसत सुटले ते बाहेरच्या खोलीतल्या रुग्णांपर्यंत ऐकू गेलं.

एसी मिळण्यासाठी नियम होता. खोलीतलं तापमान कामाच्या सलग सात दिवशी, दुपारी तीन वाजता, छत्तीस अंश किंवा त्याहून अधिक नोंदलं गेलं पाहिजे. सातपैकी एक दिवस जरी चुकला तर पुन्हा एकपासून मोजायचं. तेहतीस उन्हाळ्यांत जास्तीत जास्त चार दिवसांपर्यंत मजल गेली होती.

त्या वर्षी साहेबांनी मनावर घेतलं. साहेब नवीन होते, आधीच्या कार्यालयात त्यांच्या खोलीला एसी होता, त्यामुळे त्यांना आपलं काय गेलंय ते नेमकं ठाऊक होतं. त्यांनी बाईंना बोलावलं.

"बाई, काल किती होतं?"

"पस्तीस पूर्णांक सात."

"म्हणजे छत्तीसच की."

"म्हणजे पस्तीस पूर्णांक सात."

साहेबांनी कपाळ पुसलं. "तुम्हाला नाही का हो उकडत?"

"उकडतं ना. पस्तीस पूर्णांक सात इतकं उकडतं."

बाई खोटं लिहिणार नाहीत हे उघड झालं. मग उरलं एकच, खोलीच खरोखर तापवायची. दुसऱ्या दिवसापासून गार हवेसाठीचा लढा सुरू झाला आणि त्याचं पहिलं पाऊल म्हणून सगळ्या खिडक्या बंद करण्यात आल्या.

साहेबांनी पंखेही बंद करायला सांगितलं. बाई म्हणाल्या, "पंख्याने पारा उतरत नाही. पंखा फक्त हवा हलवतो." साहेब म्हणाले, "हलवलेली हवा खिडकीच्या फटीतून बाहेर जाते." पंखे बंद झाले. चहावाल्या मावशींनी आपला स्टोव्ह उचलून थेट तापमापकाच्या खाली मांडला. बाईंनी तो दहा फूट लांब नेऊन ठेवला.

"खोलीचं मोजायचंय, मावशी. चहाचं नाही."

"मग मी चहा तरी करू ना?"

"चहा रोजच होतो. त्याला माझी हरकत नाही."

ही पळवाट साहेबांनी ताबडतोब पकडली. नियमात 'नेहमीचे कामकाज चालू असताना' असं लिहिलेलं होतं आणि चहा नेहमीच्या कामकाजात मोडत होता. सकाळी दहापासून दुपारी तीनपर्यंत सलग चहा उकळू लागला. केलेला चहा टाकून कसा द्यायचा म्हणून लोक तो प्यायचे. बंद खोलीत, बंद पंख्यांखाली, अकरा माणसं दिवसाला नऊ-नऊ कप कढत चहा पीत एसीची वाट पाहत होती. पावणेतीन वाजता टंकलेखन करणारी धाकटी उभी राहून आकडे मोजायची आणि सगळे आपापल्या टेबलाशी उठाबशा काढायचे, कारण अंगाची उष्णता फुकट जाऊ देण्यात अर्थ नव्हता. माप तपासून घ्यायला आलेला एक तेलवाला हे पाहून दारातूनच परत गेला. त्याला वाटलं, शिक्षा चालली आहे.

पहिल्या दिवशी पारा छत्तीस पूर्णांक दोनवर होता. बाईंनी चष्मा पुसून दोनदा पाहिलं आणि लिहिलं. दुसऱ्या दिवशी छत्तीस पूर्णांक एक. तिसऱ्या दिवशी छत्तीस पूर्णांक तीन. चौथ्या दिवशी बरोबर छत्तीस, आणि त्या आकड्यावर बाई इतका वेळ नाक टेकवून उभ्या राहिल्या की धाकटी रडकुंडीला आली. पाचवा दिवस पार पडला तेव्हा लोक एकमेकांशी प्रेमाने बोलू लागले होते.

सहाव्या दिवशी छत्तीस पूर्णांक दोन झालं आणि शिक्केवाले काका आडवे झाले. उठाबशांतली बारावी बैठक त्यांनी काढली, पण ऊठ काही निघाली नाही. चौघांनी मिळून त्यांना व्हरांड्यात नेलं. डोळे उघडल्यावर त्यांनी पहिलं विचारलं, "किती?" बाईंनी सांगितलं. काका म्हणाले, "मग ठीक आहे," आणि पुन्हा डोळे मिटले. डॉक्टरांनी त्यांना चार दिवस घरी पडून राहायला सांगितलं.

सातव्या दिवशी खिडक्या बंद, चहा चालू, उठाबशा दुप्पट. तीन वाजले. बाईंनी पारा वाचला. पस्तीस पूर्णांक नऊ.

मग धाकटी हळूच म्हणाली, "काका नाहीत ना आज."

ते खरं होतं. एवढ्या मोठ्या माणसाची ऊब खोलीतून वजा झाली होती. एक दशांश अंश काकांचा होता आणि तो घरी पलंगावर पडला होता.

"बाई," साहेब म्हणाले, "काकांचा एक दशांश धरा. ते हजर असते तर झालंच असतं."

"गैरहजर माणसाचं तापमान मी लिहू कसं?"

"त्या माणसाचा जीव जायचा राहिलाय, बाई," मावशी म्हणाल्या. त्या कधी आवाज चढवत नसत, आताही चढवला नाही. "तुमचा पारा असेल मोठा शहाणा. पण कशावरून तो खरं सांगतो? आपण सगळ्या गावाची वजनं तपासतो. त्याला कुणी तपासलंय?"

हा प्रश्न बाईंना लागला. तेहतीस वर्षांत त्यांना कुणी कंजूष म्हटलं होतं, हट्टी म्हटलं होतं, एकाने दगड म्हटलं होतं. पाऱ्याला कुणी काही म्हटलं नव्हतं.

"बर्फ आणा," त्या म्हणाल्या. "वितळत्या बर्फात पारा शून्यावर यायला हवा. शाळेतल्या पोराला कळतं. आत्ता दाखवते."

मावशी कोपऱ्यावरच्या सरबतवाल्याकडून गोणपाटात गुंडाळून बर्फाची लादी घेऊन आल्या. बाईंसाठी बादलीभर फोडला आणि उरलेला घेऊन बाकीचे व्हरांड्यात धावले. कुणी मानेवर ठेवला, कुणी सदऱ्यात सोडला, साहेबांनी एक तुकडा टोपीत घालून टोपी डोक्यावर ठेवली. बाईंची परीक्षा पाहायला खोलीत कुणीही थांबलं नाही.

बाईंनी पाटी भिंतीवरून काढली, खालचा पाऱ्याचा फुगा बर्फात बुडवला आणि घड्याळ लावून दहा मिनिटं थांबल्या. मग चष्मा पुसून वाचलं.

पारा शून्याखाली दीड अंशावर होता.

त्यांनी बर्फ ढवळला. आणखी दहा मिनिटं थांबल्या. उणे दीड. मग पाटी उजेडाकडे धरली आणि नीट पाहिली, तेव्हा दिसलं. काचेची नळी ज्या दोन पितळी पट्ट्यांनी बसवली होती त्यातली वरची सैल झाली होती आणि नळी आकड्यांवरून जरा खाली घसरली होती. पारा बिचारा बरोबर होता. आकडे चुकीच्या जागी होते.

म्हणजे आज पस्तीस पूर्णांक नऊ नव्हतं, सदतीस पूर्णांक चार होतं. सातही दिवस सदतीसच्या वर होते. चहा, उठाबशा, काका, सगळं फुकट. चहाच्या आधीचं ते पस्तीस पूर्णांक सातही सदतीस पूर्णांक दोन होतं. आणि नळी कधी घसरली होती कुणास ठाऊक. मागच्या वर्षी, किंवा भिंत रंगवली तेव्हा, किंवा बाई पंचविशीत पहिल्या दिवशी चष्मा पुसून तिच्यापुढे उभ्या राहिल्या त्याच्याही आधी. इतकी वर्षं एवढी माणसं उकडून निघाली होती ती बाईंच्या खरेपणामुळे. व्हरांड्यातून हसण्याचा आवाज येत होता. कुणीतरी साहेबांच्या टोपीवर थाप मारली असावी.

बाईंनी पाटी पुसली, उठल्या आणि साहेबांना व्हरांड्यातून त्यांच्या खोलीत बोलावून सांगितलं. साहेबांच्या टोपीतून पाणी गळत होतं. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उजळला आणि मग एकदम काळवंडला.

"थांबा. हवेचं तापमान चुकलं, म्हणजे लिटरमापांची दुरुस्ती चुकली?"

"केसभर. पण चुकली."

"सगळ्या गावाची?"

"जिल्ह्याची."

साहेब उठून दार लावून आले. "बाई, माझं ऐका. हे बर्फाचं कुणाला बोलू नका. वहीत आज छत्तीस लिहा. फक्त एक दशांश. एसी येईल, काका वाचतील, नळी मी गुपचूप वर सरकवतो. एका दशांशात सगळं मिटतंय."

"आणि तेहतीस वर्षं?"

"ती कुणी मागितली आहेत?"

बाईंनी आज पस्तीस पूर्णांक नऊ लिहिलं आणि घरी गेल्या.

घरी नवरा स्वयंपाकघरात फ्रिजचं दार उघडून त्याच्यासमोर खुर्ची टाकून पुस्तक वाचत बसला होता. उन्हाळ्यात तो तिथेच राहत असे. बाईंनी दार बंद केलं, त्याने उघडलं, आणि त्या टोमॅटोंकडे पाहत सगळं सांगून मोकळ्या झाल्या.

"म्हणजे माझी बायको तेहतीस वर्षं दर दुपारी खोटं बोलत होती," तो म्हणाला.

"चेष्टा सुचतेय तुम्हाला."

"अगं, चेष्टा नाही. मी चाळीस वर्षं पुस्तकं लावली. एकदा कळलं की एक अख्खं कपाट चुकीच्या क्रमांकाखाली आहे. मी काय केलं?"

"काय केलंत?"

"कपाटावरचा क्रमांक बदलला." त्याने पान उलटलं. "पण ते मी. तुझ्याच्याने होणार आहे का ते? उगाच रात्रभर कुशी बदलशील आणि मला जागं ठेवशील. जा, लिहून टाक काय ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी मुख्यालयाला पत्र लिहिलं. तापमापक दीड अंश कमी दाखवतो, केव्हापासून ते माहीत नाही, नोंदी माझ्या हातच्या आहेत, जबाबदारी माझी आहे. मग सगळ्यांना उभ्या उभ्या तेच सांगितलं. कुणी रागावलंच नाही, आणि ते बाईंना जास्त जड गेलं. धाकटी म्हणाली, "म्हणजे आम्ही खरंच सदतीसमध्ये बसलो होतो? मला वाटत होतंच." मावशींनी फक्त त्यांच्यापुढे चहा ठेवला. इतका चहा करून झाल्यावर त्यांच्याकडे दुसरं काही उरलं नव्हतं.

पंधरा दिवसांनी तीनजणांची समिती आली. तिघेही गळाबंद कोटात. पहिला प्रश्न अध्यक्षांनी विचारला, "नळी कोणत्या तारखेला घसरली?"

"माहीत नाही," बाई म्हणाल्या.

"अंदाजे?"

"अंदाज मी करत नाही."

"घसरताना कुणी पाहिलं?"

"पाहिलं असतं तर धरली असती."

दुसऱ्या सदस्याने नळी एकदम घसरली की वर्षाला थोडी थोडी, हा मुद्दा काढला. तो मुद्दा दीड तास चालला असता, पण अर्ध्या तासात अध्यक्षांच्या कोटाचा रंग त्यांच्या सदऱ्यावर उतरला आणि समिती आपले चिकटलेले कागद एकमेकांपासून सोडवत निघून गेली.

महिन्याभराने आदेश आला. साहेबांनी तो मोठ्याने वाचला. सात दिवसांच्या नोंदी वादग्रस्त ठरल्याने कर्मचाऱ्यांचा एसीचा अर्ज फेटाळण्यात येत आहे. नवा तापमापक आल्यावर मोजणी एकपासून सुरू करावी. नवा तापमापक हिवाळ्यात येईल. लिटरमापांचा निर्णय नळी घसरल्याची तारीख कळल्यावर घेतला जाईल. मात्र जुना तापमापक हा चौकशीतला पुरावा आहे. उष्णतेने पट्टी आणखी सैल होऊ नये म्हणून तो बंद खोलीत सत्तावीस अंशांच्या आत ठेवावा, आणि त्यासाठी एक एसी मंजूर करण्यात येत आहे.

"कुणासाठी?" काकांनी विचारलं. ते कामावर परतले होते, हातोडी आता अर्धा दिवसच धरत.

"तापमापकासाठी," साहेब म्हणाले.

अडगळीची खोली रिकामी झाली. दहा फूट बाय बारा. दोन माणसं येऊन एसी बसवून गेली. समोरच्या भिंतीवर एका खिळ्याला तापमापक एकटा लटकला. दाराला वर काच होती, तिच्यातून लोक येता-जाता आत बघत.

"काय थाटात बसलाय बघा," काका म्हणाले. "गुन्हा केला याने आणि घाम आम्हाला."

किल्ली बाईंकडे होती. सगळ्यांना वाटलं, आता तरी बाई दार उघडतील. बाई म्हणाल्या, "आदेशात पुरावा ठेवायला सांगितलंय. बसायला नाही." मावशींनी त्यांच्या चहात साखर घालणं बंद केलं.

आदेशाप्रमाणे रोज तीन वाजता, नळी आणखी घसरली का ते पाहायला, साक्षीदारांसमोर पारा वाचायचा होता. साक्षीदार म्हणून साहेबांनी स्वतःला नेमलं, सोबतीला धाकटीला घेतलं. पाच मिनिटांत वाचन उरके. साहेब बाहेर येताना जरा कमी लाल दिसत आणि बाहेर काका घोटभर पाणी पिऊन पुन्हा भिंतीला टेकत. एका दुपारी त्यांच्या हातातली हातोडी निसटली आणि त्यांनी ती उचललीच नाही, तिच्याकडे नुसते बघत राहिले.

बाईंनी त्या दुपारी आदेश घरी नेला. आजवर त्यांनी तो दोनदा वाचला होता, आता तिसऱ्यांदा वाचला, आकडा वाचावा तसा, कागदाला नाक लावून.

दुसऱ्या दिवशी तीनला पाच मिनिटं कमी असताना त्या मोठ्या खोलीत उभ्या राहिल्या.

"आदेशात 'किमान दोन साक्षीदार' आहे," त्या म्हणाल्या. "जास्तीत जास्त किती, ते लिहिलेलं नाही. साक्षीदार जितके अधिक तितकी नोंद पक्की. चला सगळे. काका, तुम्ही आधी. स्टूल घेऊन या."

अकरा माणसं दहा बाय बाराच्या खोलीत उभी राहिली, काका मधोमध स्टुलावर. बाईंनी दार लावलं आणि पाऱ्यासमोर गेल्या. गार हवा काकांच्या मानेवर पडली तसे त्यांनी डोळे मिटले.

दहा मिनिटं झाली.

"झालं का, बाई?" साहेबांनी कुजबुजत विचारलं.

"नाही. पारा स्थिर झाल्यावर वाचावं असं लिहिलंय. इतकी माणसं आली की तो हलतो."

"अजून हलतोय?"

"हलतोय."

"किती?"

"लिहिण्याइतका."

आणि तो खरंच हलत होता. मावशींना शिंक आली, तेव्हा एक दशांश चढला. धाकटीने पाय बदलला, पुन्हा थोडा. बाई पापणी न लवता बघत होत्या, खोटं बोलण्याची त्यांना काही गरजच पडली नाही. चार वाजून वीस मिनिटांनी त्यांनी वहीत लिहिलं: आरंभ तीन वाजता, पारा स्थिर चार वीसला, वाचन चोवीस पूर्णांक एक, दुरुस्तीसह पंचवीस पूर्णांक सहा, साक्षीदार दहा. मग एकेकाची सही घेतली. काकांची घ्यायला त्यांना हलवून जागं करावं लागलं.

"उद्या?" काकांनी विचारलं.

"उद्याही तीनलाच. आणि उशीर करू नका कुणी. मध्येच दार उघडलं तर पुन्हा पहिल्यापासून थांबावं लागेल."

दुसऱ्या दिवशी साहेब तीन वाजून पंचवीस मिनिटांनी आले. दार उघडलं, पारा चढला, आणि कुणी त्यांना एका शब्दाने बोललं नाही.